सीझनची सरासरी प्लेऑफमध्ये का हलते

शे गिल्जस-अलेक्झांडरने एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, २०२४-२५ सीझनमध्ये सामन्यामागे ३२.७ गुण केले आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद मालिकांमध्ये, २९.९. तुमचा मित्र यावरून म्हणतो की सगळेच स्टार प्लेऑफमध्ये गळपटतात, सीझनचे आकडे बघूच नयेत. त्याचं बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलं आहे.

त्याच प्लेऑफमध्ये शेचा संघ, ओक्लाहोमा सिटी, विजेता ठरला. इंडियानाविरुद्धची फायनल सातव्या सामन्यापर्यंत गेली, तिच्यात शेची सरासरी ३०.३ होती आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. सरासरी घसरली हे खरं, पण त्याला गळपटणं म्हणणं मला पटत नाही.

मी गेली बावीस वर्षं नागपुरात मुलींच्या संघांना बास्केटबॉल शिकवते. एप्रिल-मे-जूनमध्ये एनबीएचे प्लेऑफ आपल्याकडे पहाटे साडेचार-पाचला सुरू होतात, तेव्हा वही घेऊन बसते आणि कोणी कुठून बास्केट केला ते मांडते. त्या सवयीतून मला असं दिसलं आहे की ‘सरासरी टिकेल का’ असं विचारून हाती काही लागत नाही. या खेळाडूचे गुण येतात कुठून, आणि त्यातले कोणते गुण समोरचा संघ दोन आठवडे फक्त त्याचाच अभ्यास करून बंद पाडू शकतो, हे विचारलं की बरंच काही उलगडतं.

सीझनमध्ये प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. आज एका शहरात, परवा दुसऱ्या, मध्ये विमानप्रवास, कधी लागोपाठ दोन रात्री सामने. समोरच्या कोचला तुमच्या स्टारसाठी खास बचाव शिकवायला धड एक सरावसुद्धा मिळत नाही. तो आपला नेहमीचाच बचाव लावतो आणि रात्र निभावून नेतो. प्लेऑफमध्ये तेच दोन संघ सातपैकी चार जिंकेपर्यंत एकमेकांसमोर उभे राहतात. पहिल्या सामन्यात जे दिसलं त्याचं उत्तर दुसऱ्यात येतं, दुसऱ्याचं तिसऱ्यात. बाकावरचे कच्चे बचावपटू, ज्यांच्यावर सीझनभर सहज गुण मिळतात, ते मैदानावर कमीच उतरतात. पळत जाऊन बास्केटजवळून केलेले मोकळे शॉट (लेअप) घटतात, कारण चेंडू गेला की सगळे जीव तोडून मागे धावतात. म्हणून जवळजवळ प्रत्येक स्टारसाठी गुण मिळवणं प्लेऑफमध्ये अवघड होतं. काहींना ते थोडं जड जातं, काहींचा कणाच मोडतो. हा फरक कुठून येतो ते मला एका शाळकरी मुलीने शिकवलं.

माझ्या संघात एक मुलगी होती. जिल्ह्याच्या साखळी सामन्यांत ती वीस-बावीस गुण हमखास करायची. उपांत्य सामन्यात सहावर अडकली. समोरच्या कोचने फार काही केलं नव्हतं. तिला अडवणाऱ्या मुलीला अर्धं पाऊल माझ्या मुलीच्या उजव्या हाताकडे उभं केलं, एवढंच. माझी मुलगी उजव्या हातानेच आत घुसायची. डावी बाजू पूर्ण मोकळी दिली होती आणि ती तिकडे जाऊच शकली नाही. माझ्या वहीत तोवर फक्त एकूण गुण असायचे. उजव्या हाताचे किती आणि डाव्या हाताचे किती हे मी लिहिलंच नव्हतं, त्यामुळे सामन्याआधी मला त्याचा पत्ता नव्हता. त्या दिवसापासून मी गुणांपुढे त्यांची वाट लिहिते: पळतीवरचे, फ्री थ्रोचे (फाउल झाल्यावर मिळणारे, कोणी न अडवलेले शॉट), दुसऱ्याने मोकळं करून दिलेले, आणि बचाव नीट उभा असताना स्वतः काढलेले. या चौथ्या प्रकारावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे.

मोठ्या मैदानावर हीच गोष्ट डॅलसच्या डर्क नोविट्झकीच्या बाबतीत घडली. त्याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण एकाच माणसाने चार वर्षांच्या अंतराने तुमच्या प्रश्नाची दोन उलटी उत्तरं दिली आहेत.

२००६-०७ मध्ये डॅलसने ६७ सामने जिंकले आणि फक्त १५ हरले. डर्कची सरासरी २४.६. त्याचे ५०.२ टक्के शॉट बास्केटमध्ये जात होते, तीन गुणांचे ४१.६ टक्के, फ्री थ्रो ९०.४ टक्के. सात फुटी माणसाचे हे आकडे आहेत हे लक्षात घ्या. पहिल्या फेरीत समोर गोल्डन स्टेट, ४२ सामने जिंकून कसाबसा आठव्या क्रमांकाने आत आलेला संघ. डॅलस ४-२ ने हरलं. डर्कची सरासरी १९.७ वर आली, शॉटची टक्केवारी ३८.३ वर. सहाव्या सामन्यात त्याने १३ शॉट घेतले, २ गेले, एकूण गुण ८. सीझनचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला पुरस्कार मिळाला तेव्हा त्याचा संघ घरी परतलेला होता.

गोल्डन स्टेटचा कोच होता डॉन नेल्सन. १९९८ मध्ये डर्क कोवळा पोरगा म्हणून जर्मनीहून डॅलसला आला तेव्हा तिथला कोच हाच होता, आणि २००५ पर्यंत तो तिथेच होता. डर्कला चेंडू कुठे आवडतो आणि कुठे नाही हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? त्याने डर्कवर उंच सेंटर लावला नाही. स्टीफन जॅक्सनसारखा त्याच्याहून बुटका पण चपळ आणि दणकट माणूस लावला, जो त्याच्या पायांत घुसून उभा राहायचा आणि आवडत्या जागी चेंडू मिळूच द्यायचा नाही. मिळालाच, तर डर्कने पहिला ड्रिबल टाकताक्षणी दुसरा माणूस धावून यायचा. कडेला, बास्केटकडे पाठ करून उभ्या असलेल्या डर्कला तो दुसरा माणूस कुठून येतोय हे उशिरा कळायचं. त्याचा हात बिघडला नव्हता. शॉट घ्यायला लागणारा अर्धा सेकंद त्याच्याकडून काढून घेतला होता.

याची चाहूल सीझनमध्येच लागली होती. त्या वर्षी हे दोन संघ तीनदा भेटले आणि तिन्ही वेळा गोल्डन स्टेट जिंकलं. तीन सामन्यांवरून भाकीत करू नये हे मान्य. पण ८२ सामन्यांच्या सरासरीत ते तीन सामने पार बुडून गेले होते आणि पहिल्या फेरीत समोर नेमका तोच संघ आला.

आता २०११ घ्या. डर्क बत्तीस वर्षांचा, सीझनची सरासरी २३.०. प्लेऑफमध्ये २७.७. ओक्लाहोमा सिटीविरुद्धच्या पहिल्या सामन्यात त्याने ४८ गुण केले: १५ पैकी १२ शॉट, आणि २४ पैकी २४ फ्री थ्रो. ती ओळ वहीत लिहिताना मी दोनदा मोजलं होतं. फायनलमध्ये लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि क्रिस बॉश यांच्या मायामीला डॅलसने ४-२ ने हरवलं आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू डर्क.

मधल्या काळात त्याने काय बदललं ते प्रत्येक कोचने मुलांना दाखवावं असं मला मनापासून वाटतं. तो चेंडू कडेला घेण्याऐवजी फ्री थ्रो रेषेच्या आसपास, मैदानाच्या मधोमध घ्यायला लागला. तिथून सगळं मैदान समोर दिसतं. दुसरा माणूस मदतीला निघाला की तो डोळ्यांसमोरून निघतो, आणि ज्याला सोडून निघाला तो साथीदारही दिसतो. शिवाय एका पायावर मागे झुकून मारलेला त्याचा तो शॉट. बुटक्याने कितीही चिकटून उभं राहावं, चेंडू त्याच्या हाताच्या वरूनच सुटायचा. त्याच्या जोडीला जेसन किड, जेसन टेरी आणि टायसन चँडलर होते. मदतीला धावून येण्याची किंमत त्यांनी वसूल केली. त्या वर्षी लेकर्सविरुद्धच्या चौथ्या सामन्यात डॅलसने तीन गुणांचे २० बास्केट केले, त्यातले ९ एकट्या टेरीचे. डर्कची प्लेऑफमधली सरासरी का वाढली याचं अर्धं उत्तर टेरीच्या त्या नऊ बास्केटमध्ये आहे.

डर्कची सगळी कारकीर्द धरली तर सीझनची सरासरी २०.७ आणि प्लेऑफची २५.३ निघते. २००७ च्या त्या सहा सामन्यांवरून त्याला कच्च्या मनाचा ठरवणाऱ्यांना हे आकडे दाखवा.

पण सरासरी टिकली म्हणजे खेळ टिकला, असंही नाही. कार्ल मलोनची कारकिर्दीतली सरासरी सीझनमध्ये २५.० आणि प्लेऑफमध्ये २४.७. वरवर पाहता काहीच हललं नाही. शॉटची टक्केवारी मात्र ५१.६ वरून ४६.३ वर आली. तेवढेच गुण मिळवायला त्याला जास्त शॉट खर्चावे लागत होते, आणि प्रत्येक वाया गेलेला शॉट म्हणजे त्याच्या संघाच्या, युटाच्या, हातून गेलेला एक डाव, म्हणजे गुण करायची एक संधी. त्याच काळातला हकीम ओलाजुवॉन बघा: सीझनमध्ये २१.८, प्लेऑफमध्ये २५.९, आणि टक्केवारी ५१.२ वरून उलट ५२.८ वर गेली. मलोनचे पुष्कळ गुण साथीदार जॉन स्टॉकटनच्या पासवर, पिक अँड रोलमधून (एकाने बचावपटूला आडवं उभं राहून अडवायचं आणि मग बास्केटकडे धावत पास घ्यायचा) यायचे. ती वाट अडवायला समोरच्याला वेळ मिळाला की मलोनला स्वतःचा शॉट स्वतः शोधावा लागायचा. हकीमचं सगळं त्याच्या पायांत होतं. नायजेरियात लहानपणी तो हँडबॉल आणि फुटबॉल खेळला होता, आणि पाठीवर माणूस असताना डावीकडे दाखवून उजवीकडे फिरायचं त्याचं कसब कुठल्याही बचावाने दोन आठवड्यांत मोडता येण्यासारखं नव्हतं. १९९५ मध्ये सीझनचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या डेव्हिड रॉबिन्सनसमोर त्याने सहा सामन्यांत सरासरी ३५.३ गुण केले.

म्हणून मी गुणांच्या शेजारी नेहमी आणखी एक आकडा मांडते, तो म्हणजे ते गुण मिळवायला किती संधी खर्ची पडल्या. हिशेब सोपा आहे. घेतलेल्या शॉटमध्ये फ्री थ्रोंची ०.४४ पट मिळवायची, आलेल्या संख्येची दुप्पट करायची आणि एकूण गुणांना तिने भागायचं. फ्री थ्रोला ०.४४ लावतात कारण दोन फ्री थ्रो म्हणजे दर वेळी एक अख्खा डाव नसतो. कधी बास्केट होऊन वर एक मिळतो, कधी तीन मिळतात. उदाहरणादाखल ह्यूस्टनच्या जेम्स हार्डनचा २०१९ मधला युटाविरुद्धचा तिसरा सामना घ्या. पहिले पंधरा शॉट सलग चुकले. शेवटी २० पैकी ३. तरी नावावर २२ गुण, कारण १६ पैकी १४ फ्री थ्रो गेले. नुसते गुण बघणारा म्हणेल ठीकच खेळला. हिशेब करा, ४१ टक्क्यांच्या आसपास येतो, आणि एवढ्यावर एरवी संघ हरतात. ह्यूस्टन तो सामना ३ गुणांनी जिंकलं, हे त्यांचं नशीब आणि त्यांचा बचाव.

त्या सीझनमध्ये हार्डनची सरासरी ३६.१ होती, प्लेऑफमध्ये ३१.६ झाली. युटाने काय केलं, तर बचावपटू त्याच्या समोर न उभा करता डाव्या कमरेला, जवळजवळ पाठीमागे उभा केला. हार्डन डावखुरा, आणि मागे सरकून मारलेला तीन गुणांचा शॉट हे त्याचं मोठं हत्यार. ती वाट अडवून त्याला मुद्दाम आत जायला लावलं, जिथे युटाचा उंच बचावपटू रुडी गोबेर वाट बघत उभा होता. माझ्या मुलीबरोबर जे झालं तेच हे, फक्त बाजू उलटी. हार्डनला माझ्या मुलीहून हजारपटीने जास्त वाटा येत होत्या, म्हणून तो सहावर अडकला नाही, त्या मालिकेत अठ्ठावीसच्या आसपास थांबला, आणि ह्यूस्टनने ती मालिका ४-१ ने जिंकलीसुद्धा. लोक त्याला प्लेऑफमध्ये फुसका म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटतं. त्याचे गुण तीन गुणांच्या अवघड शॉटवर आणि फ्री थ्रोवर उभे होते. पहिला प्रकार चांगल्या बचावासमोर आणखी अवघड होतो, दुसरा रेफ्रींच्या शिट्टीवर अवलंबून असतो. दोष वाटांचा होता, हिमतीचा नव्हे.

यानिस अँटेटोकुम्पोचंही तेच. २०१८-१९ मध्ये सरासरी २७.७, पण टोरांटोविरुद्धच्या मालिकेत २२.७. त्याचा संघ मिलवॉकी २-० ने पुढे होता. तिसऱ्या सामन्यापासून टोरांटोने कवाय लेनर्डला त्याच्यावर लावलं, मागे पेंटमध्ये, म्हणजे बास्केटसमोरच्या पट्ट्यात, माणसांची भिंत उभी केली आणि सलग चार सामने जिंकले. बाहेरून शॉट जात नसेल तर भिंत फोडायची कशी? दोन वर्षांनी, २०२१ च्या फायनलच्या सहाव्या सामन्यात त्याच यानिसने ५० गुण केले. त्यात १९ पैकी १७ फ्री थ्रो होते. त्या प्लेऑफभर प्रेक्षक त्याच्या फ्री थ्रोच्या वेळी मोठ्याने सेकंद मोजून त्याला बेजार करत होते. तो सामना आठवला की अजून अंगावर काटा येतो.

इथवर जे सांगितलं त्यात एक गृहीत धरलं आहे, की आकडे पुरेशा सामन्यांचे आहेत. बहुतेक वेळा ते नसतात. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यात भात एकसारखा शिजतो. प्लेऑफचं तसं नाही. १९८६ मध्ये मायकेल जॉर्डनची प्लेऑफमधली सरासरी ४३.७ होती. सामने किती? तीन. त्यातल्या एकात, बॉस्टनमध्ये, त्याने ६३ केले आणि तो सामना दोनदा जादा वेळेत गेला. त्याचा संघ शिकागो तिन्ही सामने हरला. जॉर्डन किती टिकतो हे बघायचं तर सगळी कारकीर्द घ्यावी लागते: सीझन ३०.१, प्लेऑफ ३३.४. उलट बाजूला जोएल एम्बीड. २०२२-२३ मध्ये ३३.१ वरून २३.७ वर घसरला, पण पहिल्याच फेरीत त्याचा गुडघा दुखावला होता. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कविरुद्ध सहा सामन्यांत त्याची सरासरी ३३.० होती. यातलं कोणतं वर्ष ‘खरा एम्बीड’? माझ्या मते हा प्रश्नच त्याच्यावर अन्याय करणारा आहे.

मिनिटांचाही हिशेब ठेवा. प्लेऑफमध्ये स्टार जास्त वेळ खेळतात. निकोला योकिच २०२२-२३ मध्ये २४.५ वरून ३०.० वर गेला. मात्र सीझनमध्ये तो सुमारे ३४ मिनिटं खेळत होता आणि प्लेऑफमध्ये ३९ हून अधिक. जुन्याच गतीने खेळला असता तरी त्याचे सुमारे चार गुण वाढले असते. उरलेला दीड गुण ही खरी वाढ, आणि आधी म्हटलं तसं गुण मिळवणं अवघड होत असताना दीड गुण वाढणं ही मोठी गोष्ट आहे. काही जण सीझनमध्ये स्वतःला राखूनही खेळतात. जिमी बटलर त्याच वर्षी २२.९ वरून २६.९ वर गेला. मिलवॉकीविरुद्ध एका सामन्यात त्याने ५६ केले. अशा माणसाचा सीझन बघून प्लेऑफचा अंदाज बांधला तर तो चुकणारच.

आणखी एक चूक मी स्वतः बरीच वर्षं करत होते. एखाद्याचा सगळ्यात भरात असलेला सीझन घ्यायचा आणि प्लेऑफशी ताडून बघायचा. त्या सीझनमध्ये जे काही जुळून आलेलं असतं ते सगळं पुन्हा जुळून येईलच असं नाही, त्यामुळे घसरण जवळजवळ ठरलेलीच. आता मी मागच्या तीन सीझनची सरासरी धरते.

तर आता शे गिल्जस-अलेक्झांडरकडे परत येते. त्याच्या शॉटची टक्केवारी सीझनमध्ये ५१.९ होती, प्लेऑफमध्ये ४६.२ झाली. ही घसरण मी लहान मानणार नाही, आणि मिनिटं वाढूनही गुण कमी झाले, म्हणून ती २.८ गुणांच्या फरकापेक्षा थोडी मोठीच आहे. तुमच्या मित्राला एवढं श्रेय द्या. पण तेवीस सामने, चार वेगवेगळे संघ, प्रत्येकाने त्याच्यासाठी वेगळा बचाव आखलेला, आणि तरी तो तीसच्या आसपास राहिला. याचं कारण मला त्याच्या वाटांत दिसतं. तो वेग एकदम कमी करतो, बचावपटूला पुढे जाऊ देतो आणि दहा-पंधरा फुटांवरून शॉट घेतो. तो शॉट कोणी मोकळा करून द्यावा लागत नाही, दोन्ही बाजूंना घेता येतो, आणि बास्केटखालचा उंच माणूस तिथे वेळेवर पोचत नाही. फ्री थ्रो तो भरपूर मिळवतो, तिथे मात्र हार्डनसारखी जोखीम आहे.

पुढच्या प्लेऑफआधी तुम्हा दोघांना पैज लावायचीच असेल तर अशी लावा. एक स्टार निवडा आणि त्याचे सीझनमधले दहा सामने पुन्हा बघा, त्यातले निम्मे तरी भक्कम बचावाच्या संघांविरुद्धचे. त्याचा प्रत्येक बास्केट त्या चारपैकी एका रकान्यात टाका. पळतीवरचे आणि दुसऱ्याने मोकळे करून दिलेले निम्म्याहून जास्त निघाले, तर तुमचा मित्र बहुधा जिंकेल. चौथा रकाना भरलेला दिसला, तर मी तुमच्या बाजूने आहे. दहा सामने बघायला दोन आठवड्यांच्या संध्याकाळी पुरतात, आणि समोरच्या संघाचा कोचही पहिल्या सामन्याआधी हेच करत बसलेला असतो.